तो नंबर अजून जपून ठेवलाय, फोन करू का?

पत्र

नमस्कार सिस्टर,

तुमचं सदर मी नेहमी वाचते. एप्रिल २०२१ मध्ये माझे वडील पुण्यातल्या एका कोविड सेंटरमध्ये दाखल होते. आम्हाला आत सोडत नव्हते. तिथल्या एक सिस्टर रोज रात्री स्वतःच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून द्यायच्या. बाबांच्या तोंडावर मास्क असायचा, बोलता यायचं नाही, पण ते हात हलवायचे. एके दिवशी त्यांना आयसीयूत हलवलं आणि दुपारपर्यंत आम्हाला कोणी कळवलंच नाही. मी त्याच सिस्टरना फोन करून नाही नाही ते बोलले. "तुम्हाला काय, तुमचा पगार चालू आहे," असंही बोलून गेले. त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, मी आत्ताच ड्युटीवर आलेय, बघून सांगते." आणि थोड्या वेळाने खरंच फोन केला. चार दिवसांनी बाबा गेले. त्यांचा चष्मा, घड्याळ आणि कवळी एका पिशवीत नीट बांधून, वर नाव लिहून मिळाली. ते अक्षर त्याच सिस्टरचं असावं असं मला वाटत राहतं.

'सिस्टर कोविड' या नावाने तो नंबर अजून फोनमध्ये आहे. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही. माफी मागायची आहे, आभारही मानायचे आहेत. आमचे हे म्हणतात, एवढ्या वर्षांनी कशाला, त्यांना आठवणारसुद्धा नाही. यंदा १२ मेला, परिचारिका दिनी, आमच्या सोसायटीत परिचारिकांचा सत्कार करायचं चाललंय, त्यात त्यांना बोलवावं असंही मनात येतं. (आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक नर्स भाड्याने राहायच्या. २०२० मध्ये लोकांनी कुरकुर केल्यावर त्या सोडून गेल्या. तो विषय वेगळा.) मी काय करू?

मनीषा (नाव बदललं आहे), चिंचवड

उत्तर

मनीषाताई,

जरूर संपर्क करा. फक्त थेट फोन लावू नका, आधी मेसेज पाठवा. नर्सची कुठली ड्युटी चालू आहे हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. तुम्ही सकाळी दहाला फोन कराल तेव्हा त्या नाइट संपवून नुकत्या आडव्या झालेल्या असतील, नाहीतर डॉक्टरांचा राउंड चालू असेल आणि हातात इंजेक्शनचा ट्रे असेल. मेसेज सवडीने वाचता येतो. शिवाय उत्तर द्यायचं की नाही हे त्यांच्या हातात राहतं, आणि ते त्यांच्याच हातात राहायला हवं.

तुमच्या यजमानांचं म्हणणं अर्धं खरं आहे. त्यांना तुम्ही आठवणार नाही, असं होऊ शकतं. दुसऱ्या लाटेत एकेका वॉर्डातून इतकी माणसं आली आणि गेली की चेहऱ्यावर चेहरे चढले. पण आठवत नसेल तर आभार वाया जातात, असं मी मानत नाही. मी त्या काळात एका सरकारी रुग्णालयात कोविड वॉर्डाची इन्चार्ज होते. आमच्या मुलींनी काय केलं हे त्यांना स्वतःलाच पुरतं कळलेलं नाही, कारण ते करताना बघायला कोणी नव्हतं. नातेवाईक बाहेर, वरिष्ठ फोनवर, आणि पेशंट अर्धवट शुद्धीत. कोणीतरी येऊन सांगितलं की अमुक दिवशी तुम्ही हे केलंत आणि त्याने आमच्या घरात हे झालं, तर ते काम खरंच झालं होतं असं वाटतं. ही भावना किती मोलाची असते ते मी जवळून पाहिलं आहे.

आता तुमच्या सिस्टरनी नेमकं काय केलं ते मी सांगते, कारण पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलं आहे. एकदा पीपीई किट चढवलं की पुढचे सहा-आठ तास पाणी नाही, लघवी नाही. कितीतरी जणी डायपर लावून आत जायच्या. पाळीच्या दिवसांत काय होत असेल ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. गॉगलवर आतून वाफ धरायची, त्यातून पेशंटची नस दिसायची नाही, आणि दोन-दोन ग्लोव्हजमधून ती बोटाला लागायचीही नाही. सगळ्याच पांढऱ्या किटमध्ये सारख्या दिसायच्या, म्हणून छातीवर आणि पाठीवर मार्करने नाव लिहायचो. पेशंटनी आमचा चेहरा पाहिलाच नाही, त्यांनी पाहिलं ते मार्करने लिहिलेलं नाव आणि डोळे. दर काही तासांनी पेशंटला पालथं झोपवायचं, म्हणजे फुप्फुसांना हवा पोचते. सत्तर-ऐंशी किलोचा माणूस, नाकातोंडाला नळ्या, आणि उलटायला दोघी जणी.

त्यातून व्हिडिओ कॉल. मोबाइल आत न्यायचा तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्यावा लागायचा आणि बाहेर येताना सॅनिटायझरने पुसून घ्यावा लागायचा. ग्लोव्हजच्या बोटाला पडदा दाद द्यायचा नाही. कॉल लागला की पेशंटच्या तोंडापुढे फोन धरून उभं राहायचं, पलीकडचं रडणं ऐकायचं, आणि त्याच वेळी मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा खाली जात नाही ना, हेही बघायचं, कारण बोलायला गेलं की पेशंट मास्क ओढतो. हे काम कुठल्याही ड्युटी-चार्टवर नव्हतं. कोणी केलं नाही म्हणून कोणाला जाब विचारला गेला नसता. आणि आपला खासगी नंबर नातेवाइकाच्या हाती देणं म्हणजे काय, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मग तो फोन सुट्टीच्या दिवशी वाजतो, घरी पोराला भरवताना वाजतो, स्वतः क्वारंटाइनमध्ये तापाने पडलेलो असताना वाजतो. तुमच्या सिस्टरनी तरीही रोज रात्री स्वतःच्या फोनवरून कॉल लावला.

म्हणून माझा पहिला आग्रह हा की आभार मोघम मानू नका. "तुम्ही कोविडमध्ये खूप सेवा केलीत" हे त्यांनी शंभरदा ऐकलं असेल. बाबांचा हलणारा हात तुम्हाला दिसला तो त्यांच्यामुळे, हे मात्र जगात फक्त तुम्हीच सांगू शकता.

आता त्या दिवशीच्या तुमच्या बोलण्याविषयी. एप्रिल २०२१ मध्ये बेडसाठी वणवण, रेमडेसिव्हिरसाठी मेडिकलबाहेर रांगा, ऑक्सिजनचा टँकर कुठवर आला याच्या अफवा, अशा स्थितीत बाहेर उभ्या असलेल्या माणसाचं डोकं ठिकाणावर राहणं कठीण होतं. चौकशीचा फोन कोणी उचलायचं नाही, ऑफिसातून उत्तर मिळायचं नाही. जिचा नंबर आपल्याकडे आहे आणि जी फोन उचलते, ती एकटी सिस्टर. त्यामुळे सगळ्यांचा राग तिच्यावरच निघायचा. हे आम्हाला तेव्हाही कळत होतं. ओरडणाऱ्या नातेवाइकांबद्दल बहुतेकींच्या मनात आज अढी नाही, हे मी खात्रीने सांगते.

पण "तुमचा पगार चालू आहे" हे वाक्य मात्र लागलं असणार. खोटं दिलासादायक बोलून तुमचा उपयोग होणार नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. कोविड सेंटरमध्ये घेतलेल्या सिस्टर बहुतकरून कंत्राटी होत्या. काही महिन्यांची ऑर्डर, सेंटर बंद झालं की काम संपलं. कित्येक ठिकाणी पगार रखडले. ज्या मुली आपल्या म्हाताऱ्या आई-वडिलांना गावी ठेवून, लॉजमध्ये किंवा हॉस्टेलच्या खोलीत राहून ड्युटी करत होत्या, त्यांना "तुम्हाला काय" हा शब्द विसरता येत नाही. तेव्हा माफी मागाच. एका वाक्यात मागा. आपण तसं का बोललो, तेव्हा मनःस्थिती काय होती, याचा पाढा वाचू नका. तो वाचला की समोरचीला "असू दे हो ताई" म्हणत तुमचीच समजूत काढत बसावं लागतं. ते काम त्यांनी त्या वर्षी भरपूर केलं आहे.

मेसेज मी लिहून देते, हवे ते बदल करा:

"नमस्कार सिस्टर. मी मनीषा. एप्रिल २०२१ मध्ये माझे वडील (इथे त्यांचं पूर्ण नाव) तुमच्या वॉर्डात होते. तुम्ही रोज रात्री आम्हाला व्हिडिओ कॉल लावून देत होतात. बाबा शेवटच्या दिवसांत हात हलवताना आम्हाला दिसले ते केवळ तुमच्यामुळे. आमच्या घरात त्याची आठवण रोज निघते. मी एकदा फोनवर तुमच्या पगारावरून बोलले होते, ते अतिशय वाईट होतं. मला माफ करा. तेव्हा तुमचं नाव विचारायचं राहिलं, आज विचारते. उत्तर द्यायलाच हवं असं नाही."

शेवटचं वाक्य काढू नका. त्यांनी तो काळ मनात कुठे ठेवला आहे ते आपल्याला माहीत नाही. काही जणींनी नोकरी सोडली, काही परदेशी गेल्या, काही जणी आजही त्या दिवसांचा विषय निघाला की उठून जातात. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात सुमारे १ लाख १५ हजार आरोग्य कर्मचारी कोविडने गेले. तुमच्या सिस्टरच्या शेजारी ड्युटी करणारी एखादी त्यांत असू शकते. घरचंही कोणी असू शकतं. म्हणून दार आपण वाजवायचं, ते उघडायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं.

तुमच्या पत्रात एक प्रश्न आहे जो तुम्ही लिहिलेला नाही, पण मला तो प्रत्येक ओळीच्या मागे दिसला. बाबा गेले तेव्हा त्यांच्याजवळ कोणी होतं का? हा प्रश्न त्या सिस्टरना विचारू नका, निदान आपण होऊन तरी नको. त्या वॉर्डात होत्या, बाबा आयसीयूत गेले होते. त्यांना ठाऊक नसेल. तुमच्यावरच्या मायेपोटी काहीतरी गोड सांगावंसं वाटेल, आणि ते खोटं त्या नंतर बाळगत राहतील.

त्याऐवजी मला जे सांगता येतं ते सांगते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार आयसीयूत एका पेशंटमागे एक सिस्टर हवी. त्या एप्रिलमध्ये असं प्रमाण असलेला आयसीयू माझ्या तरी पाहण्यात आला नाही. त्यामुळे बाबांचा हात नक्की कोणीतरी धरला होता, असं मी तुम्हाला छातीठोकपणे सांगणार नाही. पण तुमच्याकडे एक पुरावा आहे, तो तुमच्या लक्षात आलेला नाही. ती कवळी.

हॉस्पिटलमध्ये सगळ्यात जास्त हरवणारी वस्तू म्हणजे कवळी. घट्ट मास्क लावायचा असेल किंवा घशात नळी घालायची असेल तर कवळी आधी काढावी लागते. ती घाईची वेळ असते, आकडे घसरत असतात, डॉक्टर ओरडत असतात. काढलेली कवळी गॉजमध्ये गुंडाळून कुठल्यातरी वाटीत किंवा किडनी ट्रेमध्ये जाते, आणि पुढच्या गडबडीत चादरीबरोबर, कचऱ्याबरोबर निघून जाते. नातेवाईक नंतर विचारतात तेव्हा कोणालाच सांगता येत नाही. तुमच्या बाबांची कवळी वॉर्डातून आयसीयूत गेली, चार दिवस तिथे राहिली, आणि चष्मा-घड्याळासकट परत आली. म्हणजे हलवताना कोणीतरी ती पिशवीत घातली, पिशवीवर नाव टाकलं, पेशंटच्या हँडओव्हरबरोबर पिशवीचाही हँडओव्हर दिला, आणि पुढच्या प्रत्येक ड्युटीवर आलेल्या कोणीतरी ती जागेवर आहे ना हे पाहिलं. ज्या लोकांनी कवळी सांभाळली त्यांनी माणसाकडे पाठ फिरवली असेल, असं मला या कामातल्या अनुभवावरून वाटत नाही.

पेशंट गेल्यावर काय करतात तेही सांगते, कारण तेव्हा तुम्हाला कोणाला आत घेतलं नव्हतं. नळ्या काढतात. अंग पुसतात. डोळे मिटवतात, हनुवटीला पट्टी बांधतात. मग ती न पाझरणारी बॅग, तिच्यावर नाव. सामानाची नोंद रजिस्टरमध्ये करून दोघांच्या सह्या होतात. हे सगळं किटमध्येच, घामाने निथळत. बऱ्याच जणी हे करताना पेशंटशी बोलतात. "काका, आता वळवते हं," असं. जिवंत असताना बोलायची सवय हाताला आणि तोंडाला लागलेली असते, ती लगेच सुटत नाही. ड्रॉवरमध्ये ठेवलेले गेलेल्या पेशंटचे मोबाइल मात्र वाजत राहायचे. पडद्यावर "आई", "ताई", "घर" असं दिसायचं. फोन उचलायची आम्हाला परवानगी नव्हती, मृत्यूची बातमी डॉक्टरांनी कळवायची असा नियम होता. त्या रिंगटोन आजही बाजारात कुठे वाजल्या तर आमच्यातली एक जण जागच्या जागी थांबते.

आता कंसातल्या त्या ओळी. तुम्ही लिहिलंय, "तो विषय वेगळा." मनीषाताई, तो विषय वेगळा नाही.

आठवून बघा. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता आपण सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या. ३ मेला लष्कराच्या विमानांनी आणि हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर फुलं उधळली. मला या दोन्हींचा राग नाही. आमच्या रुग्णालयाच्या गच्चीवर आम्ही थाळ्या ऐकल्या तेव्हा आमच्यातल्या काही जणी रडल्या, आणि ते खरं रडणं होतं. पण या दोन तारखांच्या मध्ये, २२ एप्रिलला, केंद्र सरकारला साथरोग कायद्यात बदल करणारा वटहुकूम काढावा लागला. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला केल्यास अजामीनपात्र गुन्हा, तीन महिने ते पाच वर्षं कैद, गंभीर इजा केली तर सात वर्षांपर्यंत. असा कायदा करायची वेळ का आली? लोक मारत होते, थुंकत होते, घरातून काढत होते म्हणून. थाळी वाजवणारे हात आणि भाड्याची खोली रिकामी करायला सांगणारे हात काही ठिकाणी एकाच घरातले होते. आमच्या वॉर्डातल्या एका मुलीला घरमालकाने सांगितलं की नळाला हात लावायचा नाही, पाणी बाहेर ठेवलेल्या बादलीतून घ्यायचं. ड्युटी संपवून, किट उतरवून घरी आलेली मुलगी जिन्यात ती बादली घेऊन बसलेली मी कल्पनेत कितीतरी वेळा पाहिली आहे.

तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना हाकललं गेलं नसेल. "कुरकुर" झाली असेल. लिफ्ट वापरू नका, कचरा वेगळा ठेवा, मुलांना खाली पाठवू नका, दारावरून जाताना कोणी दार लावून घेतलं, कोणी नाकाला पदर लावला. नर्सला हे सगळं न सांगता समजतं. त्या निघून गेल्या.

१२ मेच्या कार्यक्रमात सावित्रीबाई फुल्यांचं नाव कोणीतरी घेईल, घ्यायलाच हवं. १८९७ च्या प्लेगात लोक आजारी माणसापासून लांब पळत होते, तेव्हा त्यांनी आजाऱ्यांना मुलगा यशवंत यांच्या दवाखान्यात आणलं आणि त्यांची शुश्रूषा करताना प्लेग होऊन १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. पुणे आणि चिंचवडच्या माणसांना हे पाठ असतं. त्यांचं नाव ज्या हॉलमध्ये घेतलं जाईल, त्या हॉलवरच्या तिसऱ्या मजल्यावरून एका नर्सला निघून जावं लागलं होतं, हे तुमच्या कमिटीने आधी मिटवायला हवं. सत्काराची यादी करण्याआधी त्या बाईंना शोधा. घरमालकाकडे नंबर असेल, एजंटकडे असेल. फोन तुम्ही करा, आणि कमिटीच्या वतीने सेक्रेटरींच्या सहीचं एक पत्र द्या. आमच्या सोसायटीत तुम्हाला जी वागणूक मिळाली ती चुकीची होती, इतकंच त्यात असलं तरी पुरे. त्यांना स्टेजवर बोलवू नका. ज्या जिन्यात माणसाला अपमान गिळावा लागला, तिथेच हार घालून घ्यायला बोलवणं बरोबर नाही. स्वतःहून यायचं म्हणाल्या तर गोष्ट निराळी.

आणि कमिटीच्या बैठकीत एक ठराव करून घ्या. नर्स, वॉर्डबॉय, लॅबमध्ये काम करणारे, आशाताई, रुग्णवाहिकेचे चालक यांना भाड्याने घर देताना सोसायटी आडकाठी करणार नाही, आणि पुन्हा कुठली साथ आली तर त्यांच्या लिफ्ट-पाणी-वाहनावर बंधन घालणार नाही. इतिवृत्तात लिहून ठेवा. पुढची साथ येईल तेव्हा कमिटीत दुसरेच लोक असतील, तेव्हा हाच कागद उपयोगी पडेल.

सत्काराबद्दल माझं मत विचारलंत म्हणून सांगते. करा, पण आम्हाला माहीत असलेला सत्कार करू नका. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा येणार, नाइट करून आलेली मुलगी खुर्चीवर डुलक्या काढत बसणार, मग शाल, श्रीफळ, "देवदूत" आणि फोटो. देवदूत म्हटलं की त्याला ना भूक लागते, ना झोप, ना पगारवाढ. १२ मे हा आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. त्यांच्या जन्माला २०० वर्षं होत होती म्हणूनच २०२० हे वर्ष परिचारिका आणि सुईणींचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर झालं होतं, आणि नेमकी त्याच वर्षी ही साथ आली. त्यांच्या हातातला दिवा सगळ्यांना ठाऊक आहे. पण क्रिमियन युद्धात त्या जिथे काम करत होत्या त्या स्कुटारीच्या रुग्णालयात १८५५ मध्ये गटारं साफ झाली, हवा खेळती झाली, तेव्हा कुठे मृत्यू झपाट्याने कमी झाले, आणि परत आल्यावर त्यांनी मृत्यूंचे आकडे मांडून, आकृत्या काढून सरकारच्या मागे लकडा लावला, हे भाषणात कोणी सांगत नाही. तुमच्या कार्यक्रमात ते सांगा. एप्रिल २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात जगभरात ५९ लाख परिचारिकांची तूट असल्याचं म्हटलं होतं, म्हणजे साथीचा जोर वाढायच्या आधीच माणसं कमी होती, हेही सांगा. ब्रिटनमध्ये २०२० मध्ये लोक दर गुरुवारी रात्री आठ वाजता दारात उभे राहून टाळ्या वाजवत होते. पुढच्या मार्चमध्ये तिथल्या सरकारने नर्सना १ टक्का पगारवाढ सुचवली, आणि लोक चिडले म्हणून ती वाढवावी लागली. मला त्यातला चिडण्याचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे मे २०२२ मध्ये सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिका कंत्राटी भरतीच्या विरोधात संपावर गेल्या, तेव्हा त्यांच्या मंडपात येऊन "तुमचं बरोबर आहे" म्हणणारे नातेवाईक मला फारसे दिसले नाहीत.

सत्कारापेक्षा मोठं काम एका कागदाने होतं, आणि ते फार थोड्या लोकांना माहीत आहे. तुमच्या सिस्टरनी नाव कळवलं की एक सही केलेलं पत्र लिहा. कुठला महिना, कुठला वॉर्ड, पेशंटचं नाव, त्यांनी काय केलं, सगळं चार-पाच ओळींत. आज त्या कुठल्या रुग्णालयात असतील तिथल्या वैद्यकीय अधीक्षकांना आणि मेट्रनना (मुख्य परिचारिकांना) एकेक प्रत पाठवता येईल, पण आधी त्यांना विचारा. काही ठिकाणी असं पत्र आलं की उगाच चौकशा होतात, आणि स्वतःचा फोन आत का नेला असा उलटा प्रश्नही येऊ शकतो. त्या नको म्हणाल्या तर पत्र फक्त त्यांनाच द्या. कायम नोकरीतल्या सिस्टरच्या फाइलला ते लागतं. कंत्राटी सिस्टरला तर त्याचा जास्त उपयोग, कारण ज्या सेंटरमध्ये तिने काम केलं ते आज अस्तित्वातच नाही. मांडव निघाले, यंत्रं हलवली, आणि तिच्याकडे उरलं काय तर चार ओळींचं अनुभव प्रमाणपत्र. तुमच्या पत्रात ती नर्स म्हणून काय आहे हे येईल. मुलाखतीला ते बरोबर नेता येतं.

मेसेजला उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवू नका. नंबर दुसऱ्याच कोणाचा निघाला तर सेंटर चालवणाऱ्या संस्थेकडे किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे त्या महिन्यातल्या त्या वॉर्डाच्या सिस्टरपर्यंत एक पत्र पोचवायची विनंती करता येईल. सापडल्या नाहीत तरी ते पत्र आरोग्य विभागात कोणीतरी वाचेल, तेही चांगलंच. आणि उत्तर आलं, त्यांनी फोन केला, त्यांना बोलावंसं वाटलं, तर तुम्ही ऐका. बाबांचं सगळं तुमच्याकडे आहेच, ते नंतर कधीही सांगता येईल. त्यांच्याकडे त्या दिवसांचं जे आहे ते बहुधा त्यांनी घरीही सांगितलेलं नसतं. मध्ये "बापरे", "किती सोसलंत" असं म्हणत राहायची गरज नाही. भेटायचं ठरलं तर त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, त्या म्हणतील तिथे. जेवायला बोलवा. शाल नको.

मेसेज आज-उद्या पाठवला तरी चालेल. तिसऱ्या मजल्याचं काम मात्र १२ मेपर्यंत लांबवू नका. घरमालकाकडून नंबर या रविवारीच घ्या, आणि कमिटीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो ठराव तुमच्या नावाने घाला. काय झालं ते मला कळवा.

तुमची,
सिस्टर